अकरा किलो

रांग थांबली तेव्हा सूर्य होता अजून,
टेकडीवर, पितळी बटणाएवढा.
पुढे एकशे चाळीस ट्रक. मागचे मोजले नाहीत.
गोबीत जानेवारीत मागे वळून पाहिलं
तर मान तशीच राहते म्हणतात.

इंजिन बंद.
डिझेलचा काटा तांबड्या रेघेला टेकलेला,
सीमा नऊ किलोमीटर, म्हणजे दोन रात्री,
किंवा पाच. पलीकडच्या साहेबांना झोप कशी लागते त्यावर.

आधी बॅटरी काढते.
आत आणते, मेंढीच्या कातड्यात गुंडाळते,
आई थंडीतलं कोकरू घरात घ्यायची तशी,
आणि पायांशी ठेवते. कोकरू निदान ओरडायचं.
मग खिडकीच्या फटींत नमद्याचे तुकडे.
मग थर्मासमधला खारा दुधाचा चहा, अर्धाच.
गरम पाण्याची बाटली बुटात,
पाय मांडीखाली. तेही रांगेतच.

काचेवर आतून माझाच श्वास गोठतो.
तो खरवडायला बँकेचं कार्ड.
दुसऱ्या कशाला लागतच नाही ते हल्ली.

आणि पाठीशी, पत्र्यापलीकडे, नव्वद टन कोळसा.

हसू नका.
नव्वद टन. अख्ख्या गावाचा हिवाळा सरेल.
ताडपत्रीला शिक्का, शिक्क्याला नंबर,
वजनाच्या चिठ्ठीवर सही माझी: दुलामसुरेन.
कमी भरला तर किलोमागे दंड.
पाठ टेकली तरी गारच लागतो तो,
श्रीमंत नातेवाइकासारखा.

मागच्या ट्रकातला म्हातारा लुव्सान म्हणतो,
काटा वीस किलो इकडेतिकडे होतोच की.
होऊ दे, म्हणते मी, आपल्या हाताने नको.

पहाटे तीनला रांग चार ट्रक सरकली.
बॅटरी जोडली, इंजिन खोकलं, लागलं.
पुढचा हलेना.
हॉर्न दिला. दिवे दिले. लुव्सानने शिव्या दिल्या.
उतरले. उणे चौतीस तरी असेल,
नाकातल्या केसांचे काटे झाले.
दार ओढलं तर आत ओचिर, विशीचाही नसेल,
काचा गच्च, डब्यात निखारे,
गाल गुलाबी, ओठ लालचुटुक.
ही झोप अशीच नटूनथटून येते.

खेचला. बर्फावर पालथा घातला. थोबाडीत दिल्या.
चौथीला ओकला.
पाचवीला म्हणाला, आई.
मी ओ दिली. नाती तपासायला वेळ नव्हता.

त्याला आता उघड्यावर ऊब हवी होती,
आणि डबा तर लुव्सानने लाथेने उडवलेला.
ताडपत्रीच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी फट असते.
सगळ्यांना ठाऊक असते. कुणी बोलत नाही.
मी हात घातला.
पहिला ढेकळा काढताना पोटात धस्स झालं,
दुसऱ्याला नाही.

ट्रकच्या आडोशाला, फाटक्या टायरवर,
तो पेटायला किती वेळ घेतो, काय सांगू.
उगाळला तर काळाच. पेटला की मात्र
कुणाचा होता ते विसरून जातो.
तिघं एकाच गोधडीखाली बसलो.
ओचिर थरथरत होता, ते बरं लक्षण.
लुव्सानच्या दाढीतून पाणी टपकायला लागलं,
म्हातारा रडतोय असं वाटावं.
रडतही असेल.

चौथ्या दिवशी वजनकाटा.
अकरा किलो कमी.
खिडकीतल्या मुलीने आकडा पाहिला,
मग माझ्या जळक्या भुवया.
तिने शेऱ्यात लिहिलं: वाटेत सुकला.

त्या थंडीत काय सुकतं?
मी सही केली.