राहणार

सरकारी कागदावर नावापुढे एक 'रा' असतो
आणि एक टिंब.
रा. दोंडाईचा. रा. शिंदखेडा. रा. अमुक गल्ली.
सव्वीस वर्षं टपाल वाटतोय मी,
त्या टिंबानंतर जे येतं त्यावर माझं पोट.

ज्यांच्यापुढे काहीच येत नाही
त्यांची पाकिटं माझ्या पिशवीतून परत जातात,
'पत्ता अपूर्ण' असा जांभळा शिक्का घेऊन.
म्हणून तालमीतल्या बैठकीला मला बोलावणं आलं.
सुलभा सिस्टर म्हणाल्या,
गावात कोण कुठं राहत नाही
हे पोस्टमनलाच ठाऊक.

पौषातल्या एका रात्री मोजायला निघालो :
मी, सिस्टर, भिकन मिस्तरी,
आणि टॉर्च धरायला त्याचा पोरगा.
फलाटाच्या टोकाला नऊ.
मार्केटच्या शेडमध्ये, मिरचीच्या रिकाम्या गोण्या पांघरून, सतरा;
झोपेतही शिंकत होते.
स्टँडच्या मागे अकरा, आणि एक तान्हं,
जे आधी गोणीच वाटलं.
हातगाडीखाली एक म्हातारा. त्यानं आम्हालाच विचारलं,
"घर नही का तुम्हले, इतकी रातले फिरतस?"

शुक्रवारी बैठक तापली.
आडतदार म्हणाले, आधी काम द्या, घर आपोआप होईल.
सिस्टर म्हणाल्या, दाराआड आंघोळ करता येईना
ती बाई कामाला येईल कशी?
कुणाला शासनाची योजना आठवली, कुणाला चहा.
कोपऱ्यात बुधीबाई बसली होती,
दिवसभर देठ खुडून पेटलेली बोटं
ताकाच्या वाटीत बुडवून.
ती म्हणाली,
"कामले गऊ तं इचारतस, ऱ्हास कोठे?
खोली मांगी तं इचारतस, काम काय करस?
मंग मी उभी कोठे ऱ्हाऊ?"
नंतर बराच वेळ कुणाला योजना आठवली नाही.

बंद जिनिंगच्या मागे सात खोल्या होत्या,
भिंती शाबूत, दारं चोरीला गेलेली, मालक सुरतेला.
भिकननं सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला,
नाही म्हणायला त्याला लाज वाटावी म्हणून.
गिलावा ज्यांना राहायचंय त्यांनीच करायचा,
भिकनच्या हाताखाली, रोज घेऊन.
तीन महिने भाडं नाही,
चौथ्यापासून मजुरीतून थोडं थोडं,
आणि ती मजुरी आडतदारानं वहीत लिहायची, सहीसकट.
तोवर सगळ्यांची पत्रं : मार्फत, पोस्टमन.
हे नियमात बसतं का, ते मी साहेबांना विचारलं नाही.

सगळं सुरळीत झालं म्हणाल, तर तसंही नाही.
धुडकू दोन दिवस थापी धरायला शिकला,
तिसऱ्या दिवशी नवं दार विकून पॅसेंजरनं गेला.
महिन्यानं आला. दाराचं विचारलं तर म्हणाला,
पडदा लावू.
भिकननं शिव्या दिल्या
आणि थापी परत त्याच्या हातात दिली.
नळाचं पत्र नगरपालिकेतून निघून
माझ्याच पिशवीतून अजून इकडून तिकडे जातंय.
वहीत बावीस नावं उरलीत.
त्यांच्यापुढे मी 'रा' लिहून ठेवलाय, टिंबही दिलंय.
मनात तो शब्द पूर्ण वाचतो,
भविष्यकाळासारखा.

परवा बुधीबाईचं पहिलं टपाल आलं.
बँकेचं होतं, विशेष काही नाही.
तिनं हात पुसले, सही केली,
दोनच अक्षरं, पण सावकाश.
मी पाकीट फोडायला लागलो तर म्हणाली,
"मझारलं ऱ्हाऊ दे. वरलं वाच."

मी वाचलं :
बुधीबाई दित्या भील, रा. खोली नंबर पाच,
जुन्या जिनिंगमागे, दोंडाईचा.

"पाच नही. चार शे."

मी पाच खोडून चार केला.