नवतप्यातली भेट

सकाळी सहाला फादरांचा फोन:
"रोजलीनबाई, गाडीचा क्लच गेला, परतवाड्यातच अडकलोय.
मिस्सा होणार नाही. वाचन तेवढं तुम्हीच करा,
आज भेटीचा सण."
मे महिन्याची एकतीस. नवतप्याचा सातवा दिवस.

कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा तीनदा वाजवला.
आम्ही पाच जणं जमलो.
मोतीराम आपल्यातला नाही, सावलीला येऊन बसतो,
त्याला धरून सहा.
पत्र्याखाली मरीयामाता, नाकाचा शेंडा उडालेली,
पायाशी स्टीलच्या गिलासात कण्हेर.

मी बरं वाचते. अंगणवाडीत बावीस वर्षं
पोरांपुढे घसा मोकळा केलाय.
पण आज एका शब्दाशी अडले: घाईने.
मरीया डोंगराकडे निघाली, ती घाईने.
दरसाल ऐकते हे. यंदा तो शब्द
बोरीच्या काट्यासारखा पदरात रुतला.
कशाची घाई होती तिला?
अलीशिबेला सहावा महिना,
बाळंतपण काही उद्यावर आलं नव्हतं.

माझी अलीशिबा आमदरीला असते,
खैरखेडपासून साडेतीन किलोमीटर, चढाच्या वाटेनं.
नाव ख्रिस्तीना. माझी सख्खी थोरली.
चार वर्षं बोलणं नाही.
कारण सांगायची लाज वाटते:
आई गेली तेव्हा पाटा तिनं नेला,
वरवंटा माझ्याकडे राहिला.
तेव्हापासून दोघी मिक्सरवर वाटतो
आणि चटणीला नावं ठेवतो.

वाचन संपलं. जपमाळ झाली.
मोतीराम म्हणाला, "आटपलं का बाई?"
मी म्हटलं, "नाही."

घरी आले. वरवंटा टॉवेलात गुंडाळला,
कमरेला कांदा खोचला, डोक्यावर ओला दुपट्टा,
आणि निघाले, सव्वाअकराला, ज्या वेळी
कुत्रीसुद्धा मोरीतून बाहेर येत नाहीत.
पहिल्या वळणालाच उमगलं, घाई कशाची ते.
हळू चाललं की मन मागे वळतं.
हळू चाललं की आठवतं कोण काय बोललं,
लग्नात कुणाच्या पानात आधी वाढलं.
घाई पायांची नव्हती, मनाच्या पुढे पोचायची होती.

दगड जड. काखेत धरला, खांद्यावर घेतला,
शेवटी पोटाशी धरला.
हसूच आलं. आमच्या ख्रिस्ती घरातही आई
बारशाला आधी वरवंट्यालाच न्हाऊ घालायची,
कुंची चढवून पाळण्यात ठेवायची,
"फादरले सांगू नका" म्हणायची.
ती गंमत होती की प्रार्थना, तिलाच ठाऊक.
माझी तर पिशवीही काढून झाली, एकोणचाळिसाव्या वर्षी.
तरी चालले होते बाई, सात महिन्यांच्या चालीनं,
सागाच्या उघड्या खोडांमधून,
आणि कुणी बघायला नव्हतं.

तिच्या दाराला साखळी होती आतून.
"कोन व्हय?"
माझ्या तोंडून नाव निघेना.
मग तिनंच दार उघडलं. केस पिकलेत तिचे. माझेही.
"इतक्या तपनात कायले निंघाली वं?"
बस, एवढंच.
पण त्या 'वं'नं
बरगडीखाली काहीतरी उसळलं,
ठार विझलंय असं मी समजत होते, ते.

कोणी माफी मागितली नाही.
तिनं गुळाचा खडा आणि माठाचं पाणी दिलं.
पाटा मोरीच्या कडेला उभा होता, धुणं आपटायला.
तो आडवा केला. कैरी, लसूण, तिखट.
वाटताना आवाज झाला, तोच, घरातला,
आणि आम्ही दोघी एकदम गप्प झालो.

उन्हं कलल्यावर निघाले.
वरवंटा तिथंच ठेवायचा, असं ठरवून आले होते.
तिनं धुतला, पुसला, परत माझ्या टॉवेलात बांधला.
"ने. इथं राहिला तं तू कायले येशीन?"

उद्या एक जून. कॅलेंडरात त्या चौकोनात
कुठलाच संत नाही.
दगड उंबऱ्याशीच ठेवलाय, टॉवेलासकट.