दोन पट्ट्या

शारजात, रोला बागेच्या मागे, घड्याळवाला
आणि पासपोर्ट-फोटोवाला यांच्या मधे
साडेसहा फूट रुंद माझं दुकान.
करंडक, पदकं, रबरी शिक्के, दारावरच्या पाट्या.
उन्हाळ्यात शिक्के चालतात, थंडीत बास्केटबॉल.

फिलिपिनो पोरांच्या लीगा.
वेल्डरांची एक, नर्सांच्या नवऱ्यांची एक,
एक तर नुसती बातांगासच्या एका तालुक्याची.
एका तालुक्यातून बारा संघ!
आमच्या दापोलीचे इथे
कॅरमलाही चार जमत नाहीत.

गुरुवारी रात्री काउंटरला टेकून ते भांडतात,
सगळ्यांत थोर कोण?
रोमेल म्हणतो, अंगठ्या मोजा,
बाकी सगळी तोंडाची वाफ.
(तिकडे अमेरिकेत जिंकणाऱ्याला अंगठी देतात.
करंडक क्लबचा, अंगठी माणसाची.)
जुन्या काळी एक उंच सेंटर होता, त्याच्या अकरा.
"अकरा!" रोमेल दोन्ही पंजे उघडतो
आणि अकराव्या बोटासाठी इकडेतिकडे बघतो.
मग सहावाला देव कसा, आर्विन विचारतो,
आणि बाकावरून उठून येणारा तो सातवाला,
तो काय देवाचा बाप?
आणि ज्याला एकही नाही,
आयुष्यभर रिंगमध्ये बॉल टाकून ज्याची बोटं मोकळी,
त्याला कुठे बसवणार?
इथे सगळे चहा पितात.

मी मान वर करत नाही. सुई पितळेवर असते.

फायनल शुक्रवारी रात्री नऊला,
बक्षीस साडेदहाला, कोरायला मधे वेळ कुठे?
म्हणून मी पट्ट्या दोन करतो.
चॅम्पियन, हे. चॅम्पियन, ते.
खाली बारीक अक्षरात कर्णधार.
एक पूर्ण दिवस माझ्या टेबलावर
दोघेही जिंकलेले असतात.

शनिवारी हरलेली पट्टी परत येते.
मागच्या बाजूने पुन्हा कोरता येते, पितळ आहे.
पण मी ती बिस्किटांच्या निळ्या डब्यात टाकतो.
का, ते विचारू नका.
बायको फोनवर विचारते,
मी तिला भंगाराचा भाव सांगतो.

डब्याची यादी केली तर पहिला नेस्तोर.
नेस्तोर दिमाकुलांगन, हमरियाच्या यार्डात पाइपफिटर,
दोन्ही गुडघ्यांना पट्टे,
सात फायनल, सात पट्ट्या.

मार्चमध्ये तो आला. व्हिसा रद्द, सामान कार्गोने गेलेलं.
किल्लीला बिल्ला हवा होता.
घराची किल्ली. घर अजून स्लॅबपर्यंतच.
नाव काय घालू? म्हणाला, नाव नको, चौदा घाल.
जर्सीचा नंबर.

मी डबा काढला. ठरवून नाही,
हात गेला.
काचेवर पत्ते पिसून लावावेत तशा सातही मांडल्या.
चॅम्पियन, चॅम्पियन, चॅम्पियन…
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
तो बोटाने एकेक पुढे सरकवत गेला,
पगाराच्या नोटा मोजतात तसा,
आणि पाचवीवर थांबला. डोळ्यांजवळ नेली.

"भाई, माझ्या नावात एक जी कमी आहे."

बघितलं. होता कमी.
इतकी वर्षं डब्यात, आणि मलाच दिसला नव्हता.

"बरं झालं," तो म्हणाला, "त्या वर्षी हरलो ते."
आणि असा हसला की घड्याळवाला डोकावून गेला.

बिल्ल्याचे पंधरा दिरहम मोजून दिले.
सहा पट्ट्या रुमालात बांधल्या.
सातवी माझ्याकडे सरकवली,
"ही मॅच माझी नाही. ही तू हरलास."

पुढच्या गुरुवारी रोमेल पुन्हा अकरापाशी आला,
पुन्हा पंजे, पुन्हा ते इकडेतिकडे बघणं.
मी सुई खाली ठेवली.
म्हटलं, असू देत अकरा.
आधी त्याचं आडनाव सांग.
सावकाश. एकेक अक्षर.