जिभेखाली

आजारी असल्याच्या कागदाला इथे फिट नोट म्हणतात.
डॉक्टर अडेयेमींनी विचारलं, काय लिहू?
मी म्हटलं, खरं सोडून काहीही.
त्या हसल्या नाहीत. टाइप केलं:
औषधोपचार चालू, सहा आठवडे.
प्रिंटर बराच वेळ खोकत राहिला.

ऑफिसात जॅनिसनं कागद वाचला, उलटून पाहिला.
मागे काही नव्हतं.
'बायकांचं काही आहे का?' तिनं हळूच विचारलं,
आणि मी मान अशी हलवली
की ज्याला हो हवं त्याला हो दिसावं,
नाही हवं त्याला नाही.
ही आपल्याकडची मान
यॉर्कशरमध्ये पहिल्यांदाच कामी आली.

सोळा फायली तिच्या हवाली केल्या.
घरांना गेलेले तडे वाचणं हे माझं काम.
कुठला वरवरचा, कुठला पायातून वर आलेला,
पेन्सिलीचं टोक किती आत जातं त्यावरून कळतं.

सुरुवात साधीच होती. एका छतावरून उतरताना
शिडीची शेवटची पायरी मोजायची राहिली.
कोडीनची गोळी पेल्यात फसफसायची
आणि पाठ दुखायची थांबायची.
पुढे मंगळवार दुखायचा थांबला.
श्रीरंगचं गप्प बसणं दुखायचं थांबलं.
पाठ तर केव्हाच बरी झाली होती.

आमच्या मालूआत्याच्या कमरेला मिश्रीची डबी असायची.
सकाळी ती बोटावर येईपर्यंत आत्या कुणाचीच नसायची.
तिला व्यसनी कुणी म्हटलं नाही. तलफ म्हणायचे.
किती घरगुती शब्द,
मोरीपाशी उकिडवा बसलेला.
इथल्या फॉर्मवर त्यासाठी एक चौकोन आहे.
त्यात खूण करताना पेन चालेना.
पेन बदललं.

दुकानांचा नियम: एका वेळी एक पाकीट, तीन दिवसांपुरतं.
म्हणून मी दुकानं वारांत वाटली होती.
सोमवारी लिंडली, बुधवारी मार्श,
शनिवारी स्टेशनाजवळचं, केलीचं.
ती दर वेळी विचारायची, 'कुणासाठी?'
'आईसाठी. गुडघे.'
वर्षभर मी आईचे गुडघे
हडर्सफील्डभर दुखते ठेवले.

सासूबाईंना यातलं काही माहीत नाही.
त्या आठ वाजता डबा भरून देतात,
मी कालव्याच्या बाकावर बसून तो खाते,
बदकं बघतात.
पहिल्या तीन रात्री पाय अंथरुणातच चालत होते,
नाक, डोळे, सगळं गळत होतं.
श्रीरंग माझ्या पायांत मोजे घालायचा, मी काढायचे, तो घालायचा.
बोलला नाही काही.
पण दिवा त्यानं मालवला नाही.

आता रोज नऊला केलीसमोर बसते,
काउंटरमागच्या खोलीत, वजनकाट्याशेजारी.
नवी गोळी जिभेखाली धरायची.
गिळायची नाही. बोलायचं नाही.
ती विरघळेपर्यंत केलीनं बघायचं.
सात-आठ मिनिटं दोन बायका
एका खोट्याच्या दोन बाजूंना.

आज तिनं मध्येच विचारलं,
'आई कशी आहे तुझी?'
चिडून नाही. बहुधा नाही.
तोंडात कडू लाळ साचलेली,
बोलता येत नाही, मी बोटानं दाखवलं.
'थांबते मी,' ती म्हणाली.

घड्याळाखाली भिंतीत एक तडा होता, केसाएवढा.
वरवरचाच असावा.
मी जीभ उचलून दाखवली. तिनं वहीत खूण केली.
मग म्हणाले, 'आई गेली. पाच वर्षं झाली.
गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते तिचे.'