साडेबारा टक्के

कॉमिक सोळा पानांचं होतं, दोन पिना,
त्यातली एक नेहमी गंजलेली.
निळकंठ मढवी ते रबाळ्याच्या झेरॉक्सवाल्याकडून
शटर अर्धं ओढल्यावर छापून घ्यायचा
आणि घणसोली नाक्यावर भुर्जीच्या गाडीमागे
वीस रुपयांना विकायचा.
ओळखीच्यांना उधार, म्हणजे सगळ्यांनाच.

त्यातलं भूत अख्खा माणूस खात नाही.
आठवा हिस्सा फक्त.
सव्वा बोट. चार दात.
आठ तासांच्या झोपेतला एक तास.
आणि उशाशी पावती ठेवून जातं, शिक्क्यासकट.

प्रणित कडू लग्नांची शूटिंगं करायचा, कॅमेरा त्याचाच.
म्हणाला, याचा पिक्चर काढू.
जमले एकोणचाळीस हजार,
त्यातले अकरा जनरेटरने प्यायले.
माझं पार्लर सेक्टर चारमध्ये. नवऱ्या सजवते.
भूत पहिल्यांदाच.

कॉमिकात भुताला चेहराच नाही,
मानेवर नुसता कोरा गोल.
"हे फार खोल आहे," प्रणित म्हणाला.
"मला नाक जमत नाही," निळकंठ म्हणाला.

नवव्या पानावर एक चौकट पूर्ण पांढरी.
ती पडद्यावर कशी आणायची म्हणून
तीन रात्री आम्ही खाडीच्या बांधावर बसलो,
धुकं यायची वाट बघत, डासांना रक्त देत.
चौथ्या रात्री निळकंठ कंपनीतून सुटून आला
आणि चहा पिता पिता सहज बोलला,
तिथे टोनर संपला होता.

रक्त मी कोकमाच्या आगळाचं केलं, गूळ घालून घट्ट.
अकराव्या टेकला भुताला मुंग्या चढल्या.
तो जो ओरडला, तो पिक्चरमध्ये आहे.

भूत म्हणजे हिराजी तात्या, निळकंठचे चुलते.
मिठागरावर जन्म गेला, निदान अर्धा.
आता त्याच जागेवरच्या टॉवरला रात्रपाळीचे वॉचमन,
म्हणून आमचं शूटिंग दिवसा, खिडक्यांना काळे कागद लावून.
चेहरा रंगवताना डोळे मिटून घ्यायचे, लहान मुलासारखे.
मोजणीची फीत त्यांनी घरून आणली.
चामड्याची गोल डबी, पितळेची मूठ,
फिरवली की किरकिर वाजायची.
कुठली म्हणून विचारलं तर म्हणाले,
"हाय आपली."

खेळ गावच्या समाजमंदिरात, पांढऱ्या चादरीवर.
दात पडले, बायका हसल्या.
सव्वा बोट पडलं, पोरं शिट्ट्या मारू लागली.
प्रणित मागे नखं खात उभा.
मग भूत रिकाम्या खोलीत आलं,
कुणाला हात लावला नाही,
एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत
फीत ओढत नेली फक्त.
किर्र.
म्हाताऱ्यांच्या रांगेत पदर तोंडाशी गेले.
एवढी शांतता प्रणितला साऱ्या पिक्चरभर हवी होती.

तेवढ्यात धोंडीबाय उठून उभ्या राहिल्या,
त्यांची सावली थेट भुताच्या छातीवर.
"हिराजी! ती फीत तूच लपवली व्हतीस?
त्या दिसाची मोजणी थांबली व्हती गो,
आख्खा गाव शोधत व्हता!"

पुढचा पिक्चर कुणी पाहिलाच नाही.
तात्या दाराशी, ड्यूटीच्या निळ्या शर्टात.
म्हणाले, "एकच दिस थांबली.
दुसरे दिवशी नवी आणली त्यांनी."

पेटीत चार हजार जमले.
प्रणितने माझ्या हातावर पाचशे ठेवले,
"ठरल्याप्रमाणे."
मी थट्टेत पावती मागितली.
म्हणाला, सगळ्या पिक्चरमध्येच संपल्या.

रात्री एकटीच चालत निघाले.
जिभेने दात मोजायचा चाळा लागला,
वरचे, मग खालचे.
अठ्ठावीस.
परत मोजले.
अक्कलदाढा मला कधी आल्याच नाहीत,
हे आठवेपर्यंत
नाला ओलांडून झाला होता.