भागतंय

कुंपणापलीकडून विचारलं, कसं चाललंय उबेरलिंदा,
की ती म्हणायची, भागतंय.
दोन्ही हातांत बादल्या, दातांत कपड्यांचे चिमटे,
तरी तो एक शब्द चिमट्यांच्या फटीतून
अगदी स्पष्ट यायचा.

चिलोए बेटाच्या या टोकाला समुद्र घाई करत नाही.
दर हिवाळ्यात हातभर जमीन खातो, तोंड पुसतो, मागे सरतो.
यंदा तो तिच्या स्वयंपाकघराच्या पायरीशी येऊन बसला.
आत खाटेवर आई, दर तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागणारी.
मुलगा पुंता अरेनासला; फोनवर वारा जास्त, तो कमी.
बटाटे अजून जमिनीतच. जळण ओलं.
आणि रात्री कंदील घेऊन ती एकटी
किनाऱ्यावरचे धोंडे घरामागे रचत राहायची.
पहाटेची भरती ते उतरवून ठेवायची.

मी पाहत होतो. खोटं कशाला बोलू, सगळी वाडी पाहत होती.
मी तर जुवाच्या वाद्यांना एप्रिलमध्येच तेल लावून ठेवलं होतं.
पण आमच्याकडे घर ओढून न्यायचं
तर घरच्या माणसाने दारोदार जाऊन मिंगा मागावी लागते.
न बोलावता गेलं तर ती मदत नव्हे, कीव,
असं माझा बाप म्हणायचा.
बाप बरोबर होता का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग एका मंगळवारी ती आली.
चुलीपाशी बसली, माते प्यायली,
मेंढीच्या सुजलेल्या खुराबद्दल बोलली, पाद्र्याच्या नव्या दातांबद्दल बोलली,
उठली, येते म्हणाली, गेली.
फाटकाची कडी वाजली.
पुन्हा वाजली.
जिभेला हाड नसतं म्हणतात; तिच्या जिभेत त्या दिवशी
अख्खा पाठीचा कणा होता.
दारातच उभी राहिली. माझ्याकडे नाही, गोठ्याकडे बघत म्हणाली,
"दोन बादल्या मला उचलतात, एलेउतेरिओ.
घर नाही उचलत."

शनिवारी ओहोटीला चाळीस माणसं, सोळा बैल.
माझे पिंतादो आणि क्लावेल सगळ्यांत पुढे.
म्हातारीने घर सोडायला नकार दिला, खाटेसकट आतच राहिली,
आणि खिडकीतून आम्हाला शिव्या घालत होती:
हळू रे मेल्यांनो, माझं कपाट!
ओंडक्यांवर घर करकरलं, हललं,
तशी उबेरलिंदा सवयीने खांदा लावायला धावली.
कुणीतरी तिला बाजूला घेतलं, दगडावर बसवलं.
रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना.
मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.
मग ती रडली.
बैल थांबले नाहीत, ते बरं झालं.

आता घर टेकडीच्या अंगाला आहे.
जरा तिरकं बसलंय, दार आपलं आपण उघडतं.
अर्धे बटाटे सडले. म्हातारी तशीच.
बुधवारची रात्र मात्र तिच्यापाशी ओर्तेन्सियाची थोरली जागते.

परवा उबेरलिंदा कुंपणाशी थांबली.
बायको गेल्यापासून माझ्या धुराड्यातून
दुपार उलटल्याशिवाय धूर निघत नाही,
हे तिने बघून ठेवलं असावं.
कसं चाललंय, तिने विचारलं.
भागतंय, मी म्हणालो.

ती हलली नाही.
बादल्या खाली ठेवल्या, एक पालथी घातली,
आणि तिच्यावर बसली.