तीट

पिट्सबर्गच्या उत्तरेला टेकडीवर वेधशाळा आहे.
तिच्या तळघरात मी काचा पुसते.

काच म्हणजे फोटो. शंभर वर्षांपूर्वीचं आकाश
उलटं उतरलेलं: रात्र पांढरी, तारे काळे,
तांदळाच्या पिठात मोहरी सांडावी तसे.
एका बाजूला नुसती काच, तिच्यावर जुनी शाई,
बाण, आकडे, कुणाच्या तरी बेरजा.
दुसऱ्या बाजूला चांदीच्या क्षारांचा मऊ थर.
शाई पुसायची, थराला हात लावायचा नाही.
नियम एवढाच. पगार तासावर.

आज पाकिटातून निघाली ती
नोव्हेंबर एकोणीसशे तेराची.
मधोमध एक सर्पिल, करंगळीच्या नखात मावेल एवढी.
तिला नाव नाही, क्रमांक आहे.
तिच्यातून हा उजेड निघाला तेव्हा
सह्याद्रीचा दगड थंड होऊन बसला होता,
त्याला सह्याद्री म्हणणारं मात्र कुणी नव्हतं.
तेरा सालीही तिला दीर्घिका म्हणत नसत.
आपल्याच अंगणातला धुराचा भोवरा असेल
असं शहाण्यासुरत्यांना वाटे.

पाकिटावर पेन्सिल: ओ. हॅलिडे. तीन रात्री, नऊ तास.
म्हणजे दिवसा काचेवर झाकण,
रात्री झाकण काढून पुन्हा तोच तारा
कोळ्याच्या धाग्यांच्या फुलीवर धरायचा,
एका डोळ्यानं, चाक केसभर फिरवत.
घुमटात शेगडी नाही:
उबेनं हवा हलते, तारा विस्कटतो.
खाली नदीकाठी भट्ट्यांची तोंडं उघडली
की सगळं आभाळ तांबडं.
दोन वाजता लिहिलंय: धूर. थांबलो.
अडीचला: पुन्हा.
पुढचं अक्षर बोटं गारठलेल्या माणसाचं.

मग दिवसपाळीची एडना क्रॉयट्झर.
तिनं भिंगाखाली सर्पिलेच्या बाहेरच्या भुजेत
एक ठिपका पाहिला, दुसऱ्या कुठल्याच काचेवर नसलेला.
भोवती लाल शाईचं वर्तुळ केलं,
शेजारी प्रश्नचिन्ह.
पुढे कुणी पाकीट उघडलंच नसावं.

मी सूक्ष्मदर्शक लावला.
ताऱ्याची कड विरघळलेली असते,
पाण्यात टाकलेल्या खडीसाखरेसारखी.
ह्याची धारदार.
तारा फुटला नव्हता, एडना.
काजळीचा कण आहे, ओल्या थरात रुतलेला.

लेमार वाकून बघतो, हसतो:
"माझ्या पणजोबांच्या भट्टीतला असणार.
त्यांनी कुठे कुठे पोचवलंय बघ."
मला आपलं वाटलं, तीट आहे.
एवढं देखणं लेकरू
पहिल्यांदाच चारचौघांत आणलं,
शहरानं दृष्ट काढायच्या आधी
गालाला बोट लावून ठेवलं.

प्रश्नचिन्हाचा आधी फोटो घेतला,
मग पात्यानं खरवडलं, स्पिरिटचा बोळा फिरवला.
बोळा गुलाबी झाला.
उत्तर कळवायला पत्ता नाही.

उजेडात तिरकी धरली तेव्हा कोपऱ्यात अंगठा दिसला.
हॅलिडेचा की एडनाचा, पाकिटावर लिहिलेलं नाही.
काचेवर नव्हे, थरात. शंख.
माझी आत्या बोटं उलटी धरून मोजायची,
शंख किती, चक्रं किती. दहा चक्रं तर राजा.
माझं एकच निघालं, तेही अर्धवट.
"हरकत नाही," ती म्हणाली, "पोट भरेल."
भरतंय.

बोळा हातात होता. थराची बाजू, पुसायचं नाही:
नियमानं एकदाचा माझा शब्द राखला.

काच स्कॅनरवर पालथी घातली. दिवा सरकू लागला.
पडद्यावर आधी अंगठा उतरला,
मग बराच वेळ पांढरी रिकामी रात्र,
लेमार कॉफी आणायला गेला, आला,
मग ती,
तीट लावलेली.